वहीची मागची पानं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी वही माझ्याकडे विसरली असं तू फोनवर म्हणालीस. टाकून गेलीस, हे मला कळतं. कट्ट्यावर 'कातरवेळ' म्हणालीस आणि तेव्हापासून मैत्रिणी तुला 'आजी' म्हणतात, एवढ्यावरून वही नकोशी झाली. हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस वगैरे मी लिहिणार नाही, ते तुझी आई सांगेल. 'याला स्कोप काय' असंही विचारलंस. पेन्शनशिवाय निवृत्त झालेल्या मुद्रितशोधकाला हे विचारू नये. माझी तक्रार तुझ्या वहीबद्दल आहे.

वही तू दोन बाजूंनी भरली आहेस. पुढून शब्द, दोनशे चौदा, मी मोजले. मागून रोजच्या आनंदाच्या नोंदी. पुढे 'झाकोळ', 'शिरवे', 'निवळशंख', समोर अर्थ, खाली तांबडी रेघ. मागे काय? 'आज चौथी सीट मिळाली, मस्त वाटलं.' 'दादरला उतरताना पाऊस, छत्री नाही, मस्त.' 'कटिंग आणि वडापाव, मस्त.' अगं, दोनशे चौदा शब्द जमवणाऱ्या मुलीला स्वतःच्या आनंदासाठी एकच सापडावा? रागावलो खरा. मग माझ्या जुन्या वह्या आठवल्या आणि गप्प बसलो.

तुझ्या एकाही शब्दापुढे माणूस लिहिलेला नाही. 'पागोळी : वळचणीवरून गळणारं पाणी.' कुठली वळचण? तू डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतेस. पेणच्या आजीने सांगितला असेल तर आजी लिही, ती तेव्हा काय करत होती तेही लिही. अ‍ॅपवरून घेतला असशील तर अ‍ॅप लिही, त्यात लाज कसली? पण शब्दाबरोबर माणूस लिही. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' कधी उघडून बघ. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड निघाले. शब्दापुढे कंसात (व.) असेल तर वऱ्हाडी, (गो.) असेल तर गोमंतकी, 'ज्ञा' असेल तर ज्ञानेश्वरीतला. कुणाच्या तोंडचा, हे त्यांनी एवढ्या पसाऱ्यातही सोडलं नाही. तुला दोनशे चौदा शब्दांत जमू नये?

मलाही जमलं नव्हतं. नोकरीला तीनेक वर्षं झाली असतील. वाचकांच्या पत्रात वरळीच्या एका कोळी गृहस्थांनी 'भांगाच्या दिवसांत' असं लिहिलं होतं. मला भांग ठाऊक दोनच, एक प्यायची आणि एक केसांतला. मी खुशाल 'ओहोटीच्या दिवसांत' केलं. छापून आलं. आठवड्याने ते गृहस्थ कात्रण घेऊन माझ्या टेबलाशी उभे. आवाज न चढवता त्यांनी मला शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं, खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. भरती बेताची, ओहोटीही बेताची. 'आणि साहेब, ओहोटी दिवसातून दोनदा येते, तिचे दिवस कसे असतील?' मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. त्या रात्री वहीत लिहिलं, 'भांग : लहान भरतीचा काळ.' बस्स. त्यांचं नाव नाही, त्यांचा प्रश्न नाही. त्यांच्याकडे असे आणखी किती शब्द होते, कोण जाणे.

हे परक्याचं झालं. घरचं ऐक. माझे बाबा गिरणीत, त्रासन खात्यात. लहानपणी मला वाटायचं, तिथे त्रास फार म्हणून त्रासन. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी कुठेतरी वाचताना कळलं की थ्रॉसल नावाचं सूत कातायचं यंत्र असतं, त्याचं हे गिरणगावातलं रूप. बाबांना विचारलं असतं तर कदाचित म्हणाले असते, तुझंच खरं. पण धोटा, कांडी, बदली, हे गिरणीतले शब्द मला तेव्हा वहीच्या लायकीचे वाटत नव्हते. वहीत काय होतं, तर किंकर्तव्यविमूढ.

आता म्हणशील, काकांना एवढं कळतं तर त्यांनी का नाही केलं? कधी करणार होतो? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत बाबा. एका खोलीत सहा माणसं, पगार माझा एकट्याचा. दिवसा ऑफिसची प्रुफं, रात्री बाहेरची. शुद्धलेखनाचे अठराही नियम तोंडपाठ होते, त्याचा गर्व होता, तो का लपवू? त्या अवस्थेत कोण वही घेऊन बापापुढे बसेल? तूही बसली नसतीस. मात्र बाबा दीड वर्ष समोर बसून होते आणि त्यांना बोलायला माणूस हवं होतं, हेही तेवढंच खरं.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी सांगतो, शब्दाबरोबर माणूस लिही. तुझी माणसं मागच्या पानांवर आहेत. तिथे एक नोंद आहे : 'मावशींनी मेथी निवडता निवडता पाय सरकवून जागा दिली, मस्त.' काय म्हणाल्या गं त्या? 'बस' म्हणाल्या, 'टेक जरा' म्हणाल्या, की नुसतीच पिशवी उचलली? कुठल्या त्या, उतरतात कुठे? एवढी गोष्ट हाताशी, आणि तू 'मस्त' लिहून मोकळी!

रविवारी येऊन वही घेऊन जा. पेन्सिलीने चार ऱ्हस्वदीर्घ सुधारलेत, सवय जात नाही. 'मस्त' एकही खोडलेला नाही, ते तुझं तू बघ. आणि त्या मावशी भेटल्याच तर विचारून ये, मेथीच्या त्या टाकायच्या काड्यांना त्यांच्या गावी काय म्हणतात.

तुझा
लालबागचा काका