गॅसच्या भुलीत बीपी उतरतो तो नायट्रिक ऑक्साइडमुळे का? आणि तो लो फ्लोवर देता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आयसोफ्लुरेन-सेवोफ्लुरेन या भुलीच्या वायूंनी बीपी उतरतो तो शरीरातला नायट्रिक ऑक्साइड वाढल्यामुळे का? आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढलेल्या पेशंटला त्या सैल करण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड भुलीच्या मशीनमधून देताना सर्किट लो फ्लोवर (म्हणजे ताजा गॅस कमी, श्वासातून परतलेलाच जास्त फिरवून) ठेवलं तर चालेल का?

पहिल्याचं थोडक्यात: 'वाढल्यामुळे' म्हणू नका. शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या कड्यांवर दाखवलं की आतलं अस्तर खरवडून काढलं तर ॲसिटिलकोलीन या रसायनाने वाहिनी सैल पडत नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे हे १९८७ पर्यंत पक्कं झालं. मग भुलीचे वायू अशाच कड्यांवर तपासले गेले, तर हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेनने अस्तरामार्फत येणारी ही शिथिलता बऱ्याच प्रयोगांत उलट कमी झाली. आयसोफ्लुरेनवर बीपी उतरतो तो मुख्यतः वाहिनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियम कमी शिरल्याने आणि सिम्पथेटिक (वाहिन्या आवळणाऱ्या) नसांचा जोर ओसरल्याने. हॅलोथेनमध्ये हृदयाचं आकुंचनच मंदावतं. प्राण्यांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम रोखलं की भुलीतही बीपी चढतो, हे खरं. पण ते एन्झाइम जागेपणीही वाहिन्या सैल ठेवतच असतं, त्यामुळे तेवढ्यावरून भुलीला दोष देता येत नाही. ओटीत याचा अर्थ एवढाच: आधी भुलीच्या वायूचा डायल खाली आणा, मग गरजेप्रमाणे बीपी चढवणारं फिनाइलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहितो, कारण 'चालतं हो, सोडालाइम (सर्किटमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) आहे ना' हे उत्तर अजूनही सर्रास दिलं जातं आणि ते चूक आहे.

ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची डावी झडप आकसलेला) पेशंट घ्या; आपल्याकडच्या हार्ट ओटीत हा नेहमीचा. झडप बदलून झाली, पंपावरून (हार्ट-लंग मशीनवरून) उतरवताना उजवं वेंट्रिकल, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पा, फुगतंय. नायट्रिक ऑक्साइड २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) सुरू करायचा. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातला गॅस) ५०० मिली, रेट १२, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. फ्रेश गॅस फ्लो (मिनिटाला येणारा ताजा गॅस) यापेक्षा खाली नेता कामा नये. मी ८ लिटर ठेवा म्हणेन. फ्लो १ लिटरवर आणलात तर जवळजवळ ५ लिटर जुनाच गॅस फिरून येतो. नायट्रिक ऑक्साइड देणारं डिलिव्हरी यंत्र इन्स्पिरेटरी (श्वास आत जाण्याच्या बाजूचा) फ्लो मोजून त्यात २० पीपीएम घालतं. परत आलेल्या गॅसमध्ये आधीच किती आहे, हे त्याला कळत नाही. डोस हळूहळू चढत जातो आणि भुलीच्या मशीनचा गॅस मॉनिटर नायट्रिक ऑक्साइड दाखवतच नाही.

त्याहून वाईट म्हणजे तोच गॅस ऑक्सिजनसोबत जास्त वेळ राहतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. ही क्रिया नायट्रिक ऑक्साइडच्या वर्गाच्या प्रमाणात चालते: पीपीएम दुप्पट, तर वेग चौपट. सोडालाइम त्यातला काही नायट्रोजन डायऑक्साइड धरतो. पण डोस नेमका किती जातोय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. फुप्फुसं जाळणारा वायू किती शिल्लक राहिला हे अंदाजावर सोडायचं नसतं. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला, भुलीत वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजनचे हेच जास्त ऑक्सिजन असलेले ऑक्साइड मिसळले गेले होते. दोन पेशंटना विषबाधा झाली, त्यातला एक दगावला. भूलतज्ज्ञ क्लटन-ब्रॉक यांनी १९६७ मध्ये ते छापलं. व्हेपोरायझरचं औषध (सेवोफ्लुरेनसारखं) वाचवण्यासाठी लो फ्लो ठेवून ही जोखीम घेणारा हिशेब मला पटत नाही, आणि बजेटचा मुद्दा पुढे करणाऱ्यांनी नायट्रिक ऑक्साइड चालू असेपर्यंतच्या तासाभराच्या सेवोफ्लुरेनचा खर्च एकदा मांडून दाखवावा.

यंत्र नसेल तर फ्लोमीटरने हाताने घालणारेही आहेत. ८०० पीपीएमच्या सिलिंडरमधून ६ लिटरमध्ये २० पीपीएम हवे असतील तर २० गुणिले ६ भागिले ७८०, म्हणजे मिनिटाला साधारण १५४ मिली. आकडा बरोबर, पण पद्धत धोक्याची: श्वास बाहेर जाताना इन्स्पिरेटरी नळीत वाहणं थांबतं, नायट्रिक ऑक्साइड मात्र येतच राहतो, आणि पुढच्या श्वासाच्या सुरुवातीला त्याचा गोळाच आत जातो. सावकाश चालणारा ॲनालायझर सरासरी दाखवून सगळं ठीक असल्याचा भास देतो. म्हणून फ्लोशी जुळवून घेणारं यंत्रच वापरा. गॅस इन्स्पिरेटरी बाजूला, मशीनच्या आउटलेटजवळ घाला आणि सॅम्पल वाय-पीसच्या (दोन्ही नळ्या पेशंटपाशी जुळतात तो जोड) सुमारे १५ सेंमी आधी घ्या. सुरू करण्याआधी लाइन फ्लश करा, शिफ्ट करताना बॅगही आधी चार-पाच वेळा दाबून रिकामी करा. साचलेल्या गॅसमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड असतो.

बंद करताना २०, १०, ५, मग एकेक पीपीएम. एकदम बंद केला तर फुप्फुसाचा दाब उसळतो, कारण बाहेरून मिळत असताना शरीराची स्वतःची निर्मिती दबलेली असते. शेवटच्या पायरीआधी ऑक्सिजन थोडा वाढवा. मेथहिमोग्लोबिन (नायट्रिक ऑक्साइडमुळे बनणारं, ऑक्सिजन न वाहणारं हिमोग्लोबिन) को-ऑक्सिमीटर या रक्ततपासणी यंत्रावर बघा. ते फार वाढलं की साधा पल्स ऑक्सिमीटर ८५ टक्क्यांकडे सरकतो. ५ टक्क्यांवर गेलं की डोस कमी करा.

हे सगळं करण्याआधी कार्बन डायऑक्साइड, ॲसिडोसिस आणि थंडी दुरुस्त करा आणि नायट्रस ऑक्साइड बंद ठेवा. फुप्फुसाचा दाब आधीच चढलेल्या पेशंटमध्ये नायट्रस ऑक्साइड तो दाब आणखी वाढवू शकतो. नावसाधर्म्यामुळे दोन्ही वायू एकच समजणारेही भेटतात.

डावं वेंट्रिकल कमजोर असेल तर नायट्रिक ऑक्साइडने फुप्फुसांतून जादा रक्त डावीकडे येऊन पल्मनरी एडिमा (फुप्फुसांत पाणी) होऊ शकतो, तिथे जपून. अधिकृत मंजुरी मुख्यतः नवजात बाळांच्या श्वसनविकारासाठी आहे. मोठ्या माणसांतला वापर हा तुमच्या टीमचा निर्णय. आणि पंपानंतर बीपी काहीच धरेना म्हणून नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम रोखणारं मिथिलीन ब्लू द्यायची वेळ आली, तर आधी जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का आणि नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. एसएसआरआय गटातल्या अशा गोळ्यांवर असलेल्या पेशंटला मिथिलीन ब्लूने सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन वाढून होणारी विषबाधा) होऊ शकतो.