जर्मनीत आल्या आल्या गाडी घ्यावी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टला आल्या आल्या गाडी घ्यावी का, पुण्यात इतकी वर्षं चालवलेलं लायसन्स इथे चालेल का, आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गांवर, खरंच वेगमर्यादा नसते का. तिसरा प्रश्न सगळेच विचारतात आणि कामाचा तोच सगळ्यात कमी. म्हणून आधी लायसन्स.

इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. त्याचं जर्मन भाषांतर जवळ ठेवा. सहा महिन्यांनंतर मात्र ते लायसन्स इथे बाद. काही देशांच्या लोकांना परीक्षा न देता जर्मन लायसन्स मिळतं, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्यायच्या. शिवाय डोळ्यांची तपासणी आणि एक दिवसाचा प्रथमोपचाराचा कोर्स. अर्ज मंजूर व्हायलाच बरेच आठवडे जातात, त्यामुळे घराचा पत्ता नोंदवला की लगेच अर्ज टाका. ‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे सहा महिने कधी संपतात ते त्यांनाच कळत नाही.

तुमच्याकडे आधीचं लायसन्स असल्यामुळे नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास तुम्हाला सक्तीचे नाहीत. पण प्रत्यक्ष परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिक्षकाला शेजारी बसवूनच द्यावी लागते, आणि तुमचा हात पाहिल्याशिवाय कोणताही शिक्षक तुम्हाला परीक्षेला बसवत नाही. तेव्हा काही तास घ्यावेच लागतात. एकूण खर्च हजार युरोच्या आत क्वचितच भागतो, तेवढे बाजूला ठेवा.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. ३० प्रश्न असतात आणि चुकांचे १० गुण होईपर्यंत तुम्ही पास. मात्र पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होऊनही नापास! पुढे प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. दहा-बारा वर्षं गाडी चालवलेले आपले लोक इथे गडगडतात, आणि त्यात क्लच-ब्रेकचा काही दोष नसतो. लेन बदलताना किंवा वळताना नुसत्या आरशात बघून चालत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघावं लागतं, आणि तसं बघितलेलं परीक्षकाला दिसावं लागतं. दुसरी गोची वस्तीतल्या गल्ल्यांची. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जाणार, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो. आणि फार जपून, फार हळू चालवलं तरी नापास करतात, हे कुणी आधी सांगत नाही.

या उजवीकडच्या नियमावर थोडं जास्त लिहितो, कारण इथल्या वाहतुकीचं सगळं गमक त्यात आहे. पुण्यात आपण समोरच्याचा चेहरा वाचतो: हा थांबेल, हा घुसेल, ही रिक्षा काहीही करेल. इथे ज्याचा हक्क असतो तो मान न वळवता सरळ येतो, कारण तुम्ही थांबणारच हे त्याने गृहीत धरलेलं असतं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस चक्क चालू पडतो. सायकलवाल्याला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, जागा नसेल तर त्याच्या मागे रांगत राहायचं. हॉर्न धोक्यापुरताच. मला हे सुरुवातीला रुक्ष वाटायचं, आता पुण्यात आलो की रस्ता ओलांडायची भीती वाटते.

आता ऑटोबान. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा नाही हे खरं, पण रस्त्याची कामं, बोगदे आणि शहरांजवळ ती असतेच. सल्ला म्हणून १३० सांगितलेला आहे, आणि त्याच्या वर असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असूनही नुकसानीचा काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. वाहतूक तुंबली की सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकी सगळ्या उजवीकडे सरकून ॲम्ब्युलन्ससाठी मधे वाट सोडायची. नाही सोडली तर २०० युरो दंड, लायसन्सच्या नोंदीत दोन दंडाचे पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आणि ऑफिसात जेवताना वेगमर्यादेचा विषय काढू नका. मर्सिडीज आणि पोर्शच्या या गावात तो विषय आपल्या राजकारणाइतकाच तापतो.

राहिली गाडी. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर घेऊ नका. घर कुठे मिळेल हेच अजून ठरलेलं नाही. जर्मनीभरच्या लोकल, ट्राम, बस आणि रिजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२६ पासून तो ६३ युरोंना आहे. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. कंपनी त्यात सवलत देते का, विचारा. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणजे तुमच्या लेकीचं काही दिवस फुकट. गाड्या वेळेवर धावतात ही मात्र जुनी ख्याती. श्टुटगार्टचं मुख्य रेल्वे स्टेशन जमिनीखाली नेण्याचं काम २०१० मध्ये सुरू झालं, २०१९ मध्ये संपणार होतं, अजून चालूच आहे, आणि त्यापायी मार्ग सारखे बदलतात. मुलाखत किंवा विमान असेल तर आधीची गाडी पकडा.

गाडीचा हप्ता परवडतो, भोवतीचं परवडत नाही. भारतातला नो-क्लेम बोनस इथल्या विमा कंपन्या सहसा धरत नाहीत, म्हणजे तुम्ही नवशिके. शिवाय हिवाळी टायर, दर दोन वर्षांची तपासणी आणि पार्किंग. स्वस्तातली जुनी डिझेल दिसली तर आधी तिचा युरो वर्ग (धुराच्या प्रदूषणाची श्रेणी) बघा, कारण युरो ४ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांवर श्टुटगार्टमध्ये २०१९ पासून बंदी आली. वाटलंच तर शनिवार-रविवारी तासांवर गाडी भाड्याने मिळते, पण लेकीची सीट सोबत हवी. १२ वर्षांपर्यंत, किंवा उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत, ती सक्तीची आहे.

निघण्याआधी पुण्यात एकच काम करा: लायसन्सची मुदत संपत आली असेल तर वाढवून घ्या. इथून ते काम फार किचकट होतं.