‘एक मूल होऊ दे, दुखणे आपोआप थांबेल’

एंडोमेट्रिओसिस या ओटीपोटात तीव्र वेदना देणाऱ्या आजाराचे निदान झालेल्या विवाहित स्त्रिया समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकींच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : लवकर मूल होऊ दिले, तर हे दुखणे कायमचे जाईल का? सासरची-माहेरची वडीलधारी माणसे तसे सांगतात, क्वचित एखादे डॉक्टरही सांगतात, आणि सगळेच सांगत असल्यामुळे हा सल्ला पारखून घ्यावा असे कोणाला वाटत नाही.

मेघना (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आली होती. वय 27, लग्नाला दोन वर्षे, माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका. वयात आल्यापासून पाळीच्या दिवसांत ओटीपोटात असह्य कळा येत, उलट्या होत, पण ‘बाईच्या जातीला हे चुकत नाही’ हेच कानावर पडत आले. सोनोग्राफी नॉर्मल आल्यावर तर तिच्या तक्रारीवर उरलासुरला विश्वासही संपला. वास्तविक सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून हा आजार नाहीच असे ठरत नाही. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी शौचाच्या वेळी आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, हे स्पष्ट विचारले, तपासणी केली आणि आजाराला नाव मिळाले. त्यानंतर घरात ‘आता चान्स घ्या’ हे पालुपद सुरू झाले.

“मॅडम, मला इतक्यात मूल नको आहे,” ती म्हणाली, “पण औषध म्हणूनच हवे असेल तर मी तयार आहे. फक्त बाळ झाल्यावरही दुखणे थांबले नाही, तर मी त्याच्याकडे कोणत्या मनाने बघू?”

या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणे अन्यायाचे झाले असते. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतील आवरणावर, कधी आतड्यावर वाढतात आणि तेथे दाह निर्माण करतात. गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काहींना त्या काळात आराम पडतो, काहींना पडत नाही, आणि पाळी पुन्हा सुरू झाल्यावर दुखणे परतू शकते. मानवी प्रजननाविषयी काम करणाऱ्या युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे की, केवळ या आजारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. हे मी मेघनाला सांगितले आणि तिच्या तज्ज्ञांकडूनही खातरजमा करून घ्यायला लावली. मूल हवे की नको, केव्हा हवे, हा प्रश्न तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आहे. मात्र या आजारात काही स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येते, हेही मी झाकून ठेवले नाही. म्हणूनच पुढे मूल हवे असल्यास किती थांबणे योग्य ठरेल, याची चर्चा डॉक्टरांशी आताच करून ठेवावी, असे आम्ही ठरवले.

त्या भेटीसाठी तिने नोंदी ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने शून्य ते दहामधला एक आकडा लिहू लागली, आणि रजा घ्यावी लागली तर त्याभोवती गोल करू लागली. ‘खूप दुखते’ या दोन शब्दांनी जे कोणाला पटत नव्हते, ते तीन पाने उलटताच दिसले : वेदना पाळीच्या दोन दिवस आधीच सुरू होत होत्या, आणि ती मात्र वेदनाशामक गोळी अगदी सहन होईनासे झाल्यावर, तीही अपराधी वाटून घेत होती. डॉक्टरांनी तिला दुखणे सुरू होतानाच, काहीतरी खाऊन, नेमून दिलेल्या प्रमाणात गोळी घ्यायला सांगितले. (पोटातील अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.) डायनोजेस्ट हे हार्मोनचे औषधही सुरू झाले. अशा औषधाने कायमचे वंध्यत्व येते ही तिच्या आईची भीती निराधार होती, कारण औषध बंद केल्यावर पाळीचे चक्र पुन्हा सुरू होते. सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून रक्तस्राव होऊ शकतो हे आधी ठाऊक असल्याने ती घाबरली नाही. या औषधाने काहींचे मन खचते, म्हणून प्रत्येक भेटीत मी तिच्या झोपेची आणि मनःस्थितीची चौकशी करत राहिले. ही चौकशी घरच्यांनीही करावी असे मला कळकळीने वाटते.

सर्वांत अवघड बोलणे नवऱ्याबरोबर झाले. शरीरसंबंधाच्या वेळी दुखते म्हणून मेघना टाळत होती, आणि आपण तिला नकोसे झालो आहोत असे समजून तो गप्प राहत होता. आजार नेमका कोठे आहे हे चित्र काढून दाखवल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “हे मला कोणी सांगितलेच नाही.” दुखू लागताच थांबायचे, आणि थांबणे म्हणजे नकार नव्हे, एवढा करार त्या दोघांनी केला. ओटीपोटाच्या स्नायूंचा ताण सैल करण्यासाठी डॉक्टरांनी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

सासूबाईंशी मात्र मेघनानेच बोलावे असे मी सुचवले नाही. ते काम नवऱ्याचे होते आणि त्याने ते केले. “आई, मुलाचे आम्ही ठरवू, डॉक्टरांशी बोलून ठरवू,” इतकेच तो म्हणाला. त्या आठवडाभर नाराज होत्या, पण पाळीच्या दिवसांत शेकण्याची पिशवी आता त्याच भरून देतात.

दुखणे गेलेले नाही. बहुतेक महिन्यांत कालनिर्णयवरचा आकडा सहाच्या आत राहतो, रजा क्वचित लागते, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी ती मुख्याध्यापिकांना स्वतःहून आजाराचे नाव सांगून बसून शिकवण्याची परवानगी घेऊन आली. मूल कधी हवे, याचा निर्णय त्या दोघांनी पुढच्या वर्षी करायचे ठरवले आहे.