कॉलेजात शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना लेकरं आहेत, हे कसं मोजावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खेडेगावातल्या एका कॉलेजात तुम्ही नव्याने रुजू झालात, नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाईल वाट्याला आली, आणि लेकरू सांभाळून शिकणारे विद्यार्थी किती, हे प्रवेश अर्जातल्या ‘विवाहित/अविवाहित’ रकान्यावरून काढलं. आकडा इतका कमी आला की तुमचाच विश्वास बसेना. तो खरा धरावा, की दुसऱ्या रीतीने मोजावं?

खरा धरू नका. तुमची शंका रास्त आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, तालुक्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आयशे, म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, 2010-11 पासून होतं. आमच्या कॉलेजची ती माहिती भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मुलं किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गातले, दिव्यांग किती, अल्पसंख्याक किती, हे सगळं त्यात भरावं लागतं. विद्यार्थ्याला मूल आहे का, याला मात्र रकानाच नाही. नॅकच्या सातव्या निकषात लहान मुलांसाठी डे केअर आहे का, असं विचारलेलं असतं. पण ते किती लेकरांसाठी लागेल, हे कोणी विचारत नाही. म्हणजे हा आकडा वरून येणार नाही, आपल्यालाच काढावा लागणार.

आता ‘विवाहित’चा रकाना का फसतो ते सांगते. आमच्याकडे पोरगी बारावी झाली, लग्न झालं आणि सासरच्या गावाहून बी.ए.ला आली, की तिला दोन नावं होतात. मार्कशीट, टीसी आणि जातीच्या दाखल्यावर बापाचं नाव, आधारवर कधी नवऱ्याचं. नावं जुळली नाहीत की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. मग प्रवेशाच्या खिडकीवरचा बाबूच तिला सांगतो, ‘अविवाहित टाक, नाव जुनंच राहू दे.’ तो तिचं भलंच करत असतो. पण तिच्यासोबत तिचं लेकरूही कागदावरून गेलं.

शिवाय लग्न म्हणजे लेकरू नव्हे, आणि लेकरू म्हणजे लग्न नव्हे. झरी-जामणी भागातल्या कुमारी मातांबद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यांच्यातली एखादी पुढे शिकायला आली, तर खरंखरं ‘अविवाहित’ लिहूनही ती आई असते. नवऱ्याने सोडलेल्या आहेत. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर लेकरू घेऊन माहेरी आलेल्या आणि पुन्हा पुस्तक हातात घेतलेल्या तरुण पोरीही आमच्या जिल्ह्यात आहेत. त्यांना त्या रकान्यात टिक कुठे करायची हेच कळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. यातल्या कितीतरी जणी शाळेतूनच गळालेल्या असतात, त्यामुळे हे प्रमाण कॉलेजला जसंच्या तसं लावता येत नाही. पण ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ असं म्हणणाऱ्या प्राचार्यांपुढे हे आकडे ठेवायला हरकत नाही.

माझ्याकडून पहिल्यांदा मोठी चूक झाली. मी गुगल फॉर्म केला, त्यात ‘अपत्ये किती’ असा रकाना घातला आणि वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या मुलींचा फोन भावाचा किंवा नवऱ्याचा असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. अख्ख्या कॉलेजातून तीन ‘हो’ आले. त्यात जमा झालेल्या माहितीची शीट एका मुलाच्या हातून वर्गाच्या ग्रुपवर गेली. त्या तिघींपैकी एक दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी तिच्या गावाला गेले. सासू ओसरीवर तूर निवडत होती. म्हणाली, ‘सगळ्याइले माहीत झालं म्हणते, पोट्टे हासतात म्हणते. आता कशी येईन ते?’ पोरगी आतून बाहेर आली नाही. तिने ते वर्ष सोडलं. ही गोष्ट मी कोणत्याही बैठकीत सांगते, कारण माहिती गोळा करताना काय जाऊ शकतं ते लोकांना कळायला पाहिजे.

खरा आकडा मला आमच्या शिपाई बाईंनी दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, कागदात काय शोधून रायल्या? पेपरच्या दिवशी निंबाखाली या ना.’ गेले. गेटच्या आत निंबाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली, बाजूला दोन सासवा, एक आई आणि एक तिसरीतली बहीण, तिची शाळा बुडवून आणलेली. पेपर सुटायच्या अर्धा तास आधीच एक मुलगी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आली. पेपरचं पॅड तिने छातीशी घट्ट धरलेलं. झाडाखाली येऊन पॅड बाजूला ठेवलं तेव्हा दिसलं, कुर्त्यावर दुधाचे दोन ओले डाग होते. लेकरू घेऊन ती पाठमोरी बसली. त्या एका पेपरला झाडाखाली पाच लेकरं होती, आणि माझ्या फॉर्मवर तीन.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते सांगते. तुमच्याकडे जसं जमेल तसं बदला.

पहिली गोष्ट, मोजणी वेगळी आणि मदत वेगळी. मोजणीत नाव अजिबात नाही. वर्गात सगळ्यांना, मुलग्यांनाही, सारखीच छापील चिठ्ठी द्यायची, सगळ्यांनी काहीतरी खूण करायची, घडी घालून डब्यात टाकायची. सगळेच लिहीत असले की कोण काय लिहितंय हे कळत नाही. मदतीची वही निराळी. ती आमच्या ग्रंथालयातल्या मॅडमकडे कुलपात असते. ज्याला काही हवं आहे त्याने स्वतः यायचं आणि नाव लिहायचं. या दोन्हींची एक यादी कधीही करू नका. कोणी ‘एक्सेलमध्ये एकत्र करून द्या’ म्हणालं तरी नाही म्हणा.

चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न आम्ही असा लिहितो: ‘तुमच्यावर रोज कोण्या लहान मुलाची जबाबदारी आहे का?’ ‘अपत्ये’ हा शब्द मी काढून टाकला, तो सरकारी अर्जातला आहे आणि पोरी त्याला बिचकतात. पुढे विचारतो, ते मूल स्वतःचं, भावंड, की नात्यातलं. हे वेगळं काढणं गरजेचं आहे. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले आणि मागे दोन भावंडं सांभाळणारी पोरगी आमच्याकडे आहे, तिचीही अडचण खरी आहे. पण स्वतःच्या लेकराच्या आकड्यात ती मिसळली तर दोघींचाही हिशोब चुकतो.

मग मुलाचं वय, पण जन्मतारीख नाही. तीन वर्षांच्या आतलं, तीन ते सहा, सहाच्या वरचं, एवढ्यावरच थांबा. त्यालाही कारण आहे. अंगणवाडी तीन ते सहाच्या लेकरांना काही तास बसवून घेते. त्याहून लहान असलं तर घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, पण त्याला सांभाळत कोणी नाही. म्हणजे तीनच्या आतली लेकरं किती, या एका आकड्यावर तुमच्या पाळणाघराची गरज ठरते. जन्मतारीख मागितलीत तर एकोणीस वर्षांची मुलगी लगेच हिशोब करते, माझं लग्न कधी झालं ते यावरून निघेल, आणि चिठ्ठी कोरी टाकते.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी पडला: ‘तुम्ही वर्गात असता तेव्हा लेकरू कोणाजवळ असतं?’ सासू, आई, नवरा, अंगणवाडी, मोठं भावंड, सोबत आणते, कोणीच नाही. पहिल्याच वर्षी ‘मोठं भावंड’वर आलेल्या खुणा पाहून आम्ही गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो, कारण कॉलेजातल्या एकीचं शिक्षण तिच्या धाकट्या बहिणीच्या हजेरीतून जात होतं.

मुलग्यांना विचाराच. चोवीस-पंचवीसचे, शेती करून बी.ए. करणारे बाप वर्गात मागच्या बाकावर असतात. त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं. आणि प्रश्न फक्त मुलींना विचारला की वर्ग त्यांच्याकडे वळून बघतो.

वेळ जपा. प्रवेशाच्या खिडकीवर कधीच नको, तिथे प्रत्येकीला वाटतं की या उत्तरावर प्रवेश अडेल. मला एकीने स्पष्ट विचारलं होतं, ‘मॅडम, नाव कमी करता काय?’ ऑगस्टच्या शेवटी वर्ग बसले की एकदा घ्या, आणि दुसऱ्यांदा हिवाळी परीक्षेच्या अर्जांच्या सुमारास. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मुलगी तीन-चार महिने गावातच नसते. एकदाच मोजलं तर ती सुटते. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामे असतात, तेव्हाही मोजू नका. आणि जिने परीक्षेचा अर्ज भरलाच नाही तिला एखाद्या मॅडमने स्वतः फोन करावा. गळालेल्या पोरी मोजणीत नसल्या तर उरलेल्यांचाच हिशोब हाती राहतो, आणि लेकरू असूनही सगळ्या टिकतात असं खोटं चित्र दिसतं. आमच्याकडे सोडून गेलेल्यांच्या कारणापुढे वर्षानुवर्षं ‘कौटुंबिक’ एवढंच लिहिलेलं होतं. आता त्याच्या पुढे बाळंतपण, लेकरू सांभाळायला कोणी नाही, सासरचा विरोध, असं फोडून लिहितो.

एक सावधगिरी. तुमच्या कॉलेजला अकरावी-बारावी जोडलेली असेल तर त्या वर्गांत ही चिठ्ठी वाटू नका. अठराच्या आतली मुलगी असेल तर बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 आणि पोक्सो 2012 यांचा विषय येतो. तिथे बाल कल्याण समिती आहे, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. आकडा काढणं हे तिथलं पहिलं काम नव्हे. वरच्या वर्गांतसुद्धा मदतीच्या वहीत नाव लिहिताना ते कशासाठी आणि कोण बघणार, हे समोर वाचून दाखवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमती आणि हेतू यांनाच महत्त्व आहे. आमची वही कागदी असली तरी मी तोच दंडक पाळते.

बाहेर काय चाललंय म्हणाल, तर अमेरिकेत ऑरेगन आणि इलिनॉय या राज्यांनी 2021 मध्ये कायदा करून सरकारी कॉलेजांना ही माहिती विद्यार्थ्यांकडून घ्यायला लावली. अमेरिकेच्याच 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे 22 टक्के जण मूल वाढवत होते. या कायद्यांआधी कॉलेजांचा भर आर्थिक मदतीच्या अर्जावर असायचा, आणि जो अर्जच भरत नाही तो मोजणीत यायचा नाही. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जावरून मोजलं तर हेच होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला उशिरा सुचलं. विचारण्याआधी देण्यासारखं काहीतरी हातात ठेवा. आम्ही ऑगस्टच्या चिठ्ठीआधी तीन गोष्टी करून घेतल्या: लेडीज रूममध्ये पडदा लावून दूध पाजायला जागा, प्रॅक्टिकलची बॅच बदलून घ्यायची मुभा, आणि परीक्षेला दाराजवळची जागा. या तिन्हींना पैसे जवळपास लागत नाहीत. हजेरीचा प्रश्न प्राचार्यांच्या अखत्यारीतला. त्यांच्यापुढे यूजीसीचं 14 डिसेंबर 2021 चं पत्र ठेवा. पदवी आणि पदव्युत्तरच्या विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सवलत आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ देण्याचे नियम करा, असं त्यात विद्यापीठांना सांगितलेलं आहे. पीएच.डी.साठी तर 240 दिवसांची तरतूद नियमातच आहे. केरळ सरकारने 2023 मध्ये अठरा वर्षांवरच्या विद्यार्थिनींना 60 दिवसांची प्रसूती रजा दिली. हे मी वर्गात चिठ्ठ्या वाटण्याआधी वाचून दाखवते, सावकाश, दोनदा. ते ऐकल्यावरच पोरींच्या पेनची टोपणं निघतात.

तुमच्याकडे हिवाळी परीक्षा अजून व्हायच्या असतील तर ही पहिली मोजणी त्यांच्या आधी उरकून घ्या. आणि पहिल्या पेपरच्या दिवशी, चिठ्ठ्यांचा आकडा मनात ठेवून, पेपर सुटायच्या तासभर आधी गेटपाशी जाऊन उभ्या रहा. तुमच्या शिपाई बाईंना सोबत घ्या, त्यांना कोणत्या झाडाखाली बघायचं ते माहीत असेल.