घोडीला दमा आहे, शिंगराला होईल का?

प्रश्न: आमची घोडी दहा वर्षांची, वरातीला जाते. गेले दोन पावसाळे खोकते, आता तर नुसती उभी असली तरी नाकपुड्या फुगवून धापा टाकते. डॉक्टर म्हणाले दमा आहे, मुळातून जाणार नाही. तिच्या आईलाही असंच होतं म्हणे. तिचं एक शिंगरू घ्यायचा विचार आहे, त्यालाही होणार का? रक्ताची टेस्ट असते का? – एक वाचक, मुंढवा

उत्तर: टेस्टचं आधी सांगतो, नाही. कारण हा एका जीनचा खेळ नाहीये. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी दोन दमेकरी नर घोड्यांची पोरंबाळं तपासली, तर एका घराण्यात 13 नंबरच्या क्रोमोसोमवर इंटरल्युकिन-4 (ॲलर्जीत भाग घेणारं शरीरातलं एक रसायन) च्या रिसेप्टरच्या, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या भागाच्या, जीनजवळ दम्याशी जुळणारी खूण सापडली आणि दुसऱ्या घराण्यात ती लागूच पडेना. पण रक्तातून येतं हे नक्की, आईबाप दोघांनाही असेल तर धोका अजून वाढतो.

तुमच्याकडे घोडीच्या बाजूने दोन पिढ्या झाल्याच, म्हणून खरा प्रश्न नराचा. आणि इथेच लोक फसतात, कारण हा आजार सहसा सात वर्षांनंतर दिसतो, चार-पाच वर्षांचा तरणाबांड नर बघून "एकदम फिट आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. वयस्कर नर बघा, त्याची मोठी झालेली पोरं खोकतात का ते मालकाला नाही, मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) विचारा, तो खरं सांगेल. असा नर मिळत नसेल तर माझं मत, नका घेऊ शिंगरू.

आणि नुसत्या रक्ताने दमा उठत नाही हो, त्याला धूळ आणि बुरशी लागते. आपल्याकडे पावसात भिजलेली कडब्याची गंजी तशीच वापरतात, पेंढी झटकली की धूर निघाल्यासारखी धूळ उडते आणि घोडीचं तोंड नेमकं त्यातच. काळा पडलेला, कुबट वास येणारा कडबा टाकूनच द्या, तो भिजवून काही चांगला होत नाही. चांगलं वाळलं गवत मात्र अर्धा तास पाण्यात बुडवून मगच घाला, झाडलोट घोडी बाहेर असताना करा, आणि जमेल तेवढी तिला मोकळ्यावर ठेवा. शांत उभी असताना मिनिटाला 8 ते 16 श्वास ठीक, त्याच्या बरेच वर गेले आणि श्वास सोडताना पोट आत ओढून बरगडीमागे रेघ उमटायला लागली की वरातीची सुपारी कितीही मोठी असो, घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा.