एकाच श्रेणीतले दोन रानलावे

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. टाकार्कुना रानलावा आणि काळ्या कपाळाचा रानलावा हे रानातले, जमिनीवर राहणारे लाव्यासारखे पक्षी; दोघेही ओडोन्टोफोरस प्रजातीचे (genus) आणि दोघेही आययूसीएनच्या लाल यादीत 'असुरक्षित' (Vulnerable) श्रेणीत, म्हणून तू त्यांना एका तक्त्यात शेजारीशेजारी बसवलंस. श्रेणी एक असली तरी त्यांच्यावरचं संकट एक नाही. तुझी तुलना तिथून सुरू व्हायला हवी.

टाकार्कुनाचं घर मुळातच इवलंसं. पनामा-कोलंबिया सीमेवरच्या डॅरिएनमधले टाकार्कुना, माली हे डोंगर आणि त्यांच्यावरचं साधारण हजार ते दीड हजार मीटर उंचीचं दमट जंगल, एवढाच त्याचा मुलूख. त्यामुळे अमेरिकी पक्षितज्ज्ञ वेटमोर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेच १९६३ साली. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारा पॅन-अमेरिकन महामार्ग डॅरिएनमध्ये तुटतो, म्हणून तिथलं रान अजून बरंचसं टिकून आहे. तो रस्ता जोडला गेला तर काय होईल, यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. शिवाय डोंगरमाथ्याच्या पक्ष्याला हवा तापली की वर सरकायला जागा उरत नाही.

काळ्या कपाळाच्या लाव्याचा नकाशा मोठा दिसतो आणि तिथेच तू फसतोस. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ ॲलन यांनी १९०० साली वर्णिलेला हा पक्षी उत्तर कोलंबिया आणि लगतच्या व्हेनेझुएलातल्या डोंगरांत तीन तुकड्यांत विखुरलाय: सिएरा नेवाडा दे सांता मार्ता, पेरिहा डोंगररांग आणि पूर्व अँडीजचा उत्तर भाग. प्रत्येक तुकड्यात वेगळी उपजात. हे जमिनीवर चालणारे, आखूड पंखांचे पक्षी; सांता मार्ता आणि पेरिहा यांच्यामधली सेसारची उष्ण, कोरडी दरी ते ओलांडतील ही आशाच नको. सांता मार्ताचे लावे संपले तर पेरिहातून कोणी तिथे येणार नाही. जंगल शेतीसाठी आणि कुरणांसाठी तोडलं जातंय, त्यात शिकारही आहे. म्हणून तिन्ही ठिकाणांचा हिशेब वेगळा मांड, बेरीज करू नकोस.

रंगरूपाला एक परिच्छेद पुरे. एकाची भुवई पांढरी, दुसऱ्याचं कपाळ आणि गळा काळा, हे कोणत्याही पक्षी-मार्गदर्शिकेत मिळतं. त्यापेक्षा आवाजावर वेळ घाल. रानलावे दाट झुडपांत दडलेले असतात, दिसण्याआधी ऐकू येतात. पहाटे थवा एकसुरात ओरडतो. ध्वनिमुद्रणं जमव आणि प्रत्येकाबरोबर ठिकाण, उंची, वेळ लिही. मात्र एका सकाळच्या शांततेवरून 'पक्षी नाही' असं ठरवू नकोस.

तिन्ही तुकड्यांचे नकाशे वेगळे करून आधी तेवढेच पाठव.

तुझा,
काका