फुकटच्या वर्गाला मूल पाठवलं तर लोक काय म्हणतील?

परवडणाऱ्या घरांच्या वसाहतीतून माझ्याकडे येणारे पालक हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की आता तो निम्मा ऐकूनच कळतो. वसाहतीच्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासवर्ग असतो, पालकांचा गट भरतो, समुपदेशकही येऊन बसतो. आणि ज्यांना खरी गरज, तेच दाराला कडी लावून आत.

अशाच एक आई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलगा सहावीत, गणितात मागे. आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे संध्याकाळी एकटाच. वर्गाचा अर्ज त्यांनी भरून आणला होता. फक्त 'कुटुंबाचे उत्पन्न' हा रकाना कोरा.

"इथपर्यंत येते आणि हात थांबतो," त्या म्हणाल्या. "घर मिळताना एकदा सगळं उघडं केलंच ना, मॅडम? आता पोराच्या अभ्यासालाही तेच?"

पुढच्या भेटींत त्या मुलाबद्दलच बोलत राहिल्या. माझ्या डोक्यातून मात्र तो रकाना जाईना. एकदा विचारलं, "तुमच्या इमारतीतले लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?"

"माझ्याकडे कोण येणार?" मग थांबून, "हां, बिल जास्त आलं की येतात. शाळेची नोटीस, बँकेचं पत्र... वाचून सांगते, उत्तरही लिहून देते."

"ते लाचार वाटतात का तुम्हाला?"

"काहीतरीच काय! शेजारी आहेत. उद्या मला लागलं तर..."

वाक्य तिथेच तुटलं. बराच वेळ त्या अर्जाकडे बघत होत्या. मग एकदम हसल्या. "म्हणजे मी दिलं तर शेजारधर्म आणि मी घेतलं तर भीक, असं झालं की हे!"

हे मी त्यांच्या तोंडी घातलेलं नव्हतं, याचं मला आजही बरं वाटतं. आयता निष्कर्ष हातात दिला असता, तर मान डोलावून त्या घरी गेल्या असत्या.

मदत करणाऱ्यालाच त्या मदतीतून बळ मिळतं, असं फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने 1965 मध्ये मांडलं. माझा कलही त्याच बाजूला आहे. नुसतं घेत राहणं माणसाला बोचतं. देणंही सुरू झालं की तीच मदत पचते. या बाई आठवड्यातून एकदा सभागृहात इतर पालकांचे अर्ज भरून द्यायला बसू लागल्या. मुलगा वर्गाला जायला लागला. पहिला नंबर वगैरे काही आलेला नाही. गृहपाठ पूर्ण असतो आणि शाळेत जाताना रोज दुखणारं पोट दुखायचं थांबलं, एवढं मला पुरतं.

पालकांनो, वर्ग बघायला जाल तेव्हा भिंतींचा रंग बघू नका. शिकवणारी माणसं सारखी बदलतात का, ते विचारा. मुलाला ओळखीचा चेहरा लागतो. वर्गातल्या ताई शाळेतल्या शिक्षकांशी बोलतात का, हेही विचारा. बोलत नसतील तर वही घेऊन तुम्हीच त्यांची गाठ घालून द्या. नववी-दहावीची मुलं नाक मुरडतात, त्यांना धाकट्यांना शिकवायचं काम द्यावं. शिकवायचं म्हटल्यावर स्वतःचं पुस्तक उघडावंच लागतं.

आणि उपक्रम चालवणाऱ्यांनो, जिथे उत्पन्नाची अट तपासूनच घर मिळतं, तिथे वर्गाच्या दारात पुन्हा तोच दाखला कशाला? नाव, इयत्ता, फोन नंबर पुरे. त्याऐवजी 'तुम्हाला काय शिकवता येईल?' असं विचारा. आधी बहुतेक जण "काही नाही" म्हणतील. समोर बसून, इमारतीतले लोक कशासाठी येतात ते विचारा आणि जे उत्तर येईल त्याला पुढच्याच आठवड्यात एक वेळ ठरवून द्या.